रिठ्याची बाटली हुंगतात आणि परत ठेवतात

रिठावाली, रामबाग (इंदूर):
घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे माझं. भांड्यांसाठी रिठ्याचं लिक्विड, काथ्याच्या घासण्या, बांबूचे ब्रश, कापडी पिशव्या. येणारी मंडळी सगळी कळकळीची. ओला, सुका, प्लास्टिक असा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून रोज गाडीत टाकणारी. पण बाटली उचलतात, हुंगतात, "छान उपक्रम आहे हो" म्हणतात आणि खाली ठेवतात. (उपक्रम म्हणाले की समजायचं, गिऱ्हाईक गेलं.) संक्रांतीला पिशव्या मात्र पन्नास खपल्या. पर्यावरणाला जपणाऱ्या वस्तूंसाठी तुम्ही खिशातून पैसे शेवटी कशामुळे काढता? खरं सांगा.

सुदामानगरी:
पंख्याचं सांगतो. जुना 75 वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 28 चा. बारा तास फिरला तर दिवसाला अर्धा युनिट वाचतं, एका पंख्यामागे. आपल्याकडे महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिलात तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत. गेल्या उन्हाळ्यात दोनदा 150 ओलांडलं, सवलत गेली, लगेच तिन्ही पंखे बदलले. सोसायटीत सांगितलं, पर्यावरणासाठी.

पाकीट उलटून वाचणारी:
‘इको-फ्रेंडली’ मोठ्या अक्षरांत दिसलं की मला संशयच येतो. ‘विघटनशील’ म्हणून घेतलेली एक पिशवी कुंडीत पुरली होती. सात महिन्यांनी उकरली तर छपाईसकट तशीच! आता आयएस 17088 (कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचं भारतीय मानक) लिहिलंय का बघते; ती पिशवीही मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाच्या उष्णतेतच कुजते, कुंडीत नाही, हे उशिरा कळलं. पुराव्याशिवाय असे दावे करू नयेत म्हणून केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये नियमावली काढलीय. मडक्याचं चिन्ह असलेला सरकारी इकोमार्क तर 1991 पासूनचा, पण दुकानात शोधून थकले. तुमच्या बाटलीवर रिठा किती, ते लिहिलंय का?

लोकमान्यनगरची सून:
काकू, तुमची पिशवी मला हळदीकुंकवाच्या वाणात मिळाली, म्हणून तुमचं दुकान कळलं. घासणी घेतली ती शेजारच्या आजींच्या मोरीत पाहून. रिठ्याचं मात्र घरात जमेना. फेस फारसा येत नाही, त्यामुळे सासूबाईंना भांडं घासल्यासारखंच वाटत नाही. एखादी कढई समोर घासून दाखवा ना.

रिठावाली:
नाही हो लिहिलेलं. आज रात्री बसून चिठ्ठ्या चिकटवते. आणि उद्या सकाळची पोह्यांची कढई न धुता दुकानात आणून ठेवते.