अनुभवी ऑपरेटरला एसओपी (कामाची लेखी पद्धत) कशाला? (कालच्या पोस्टला उत्तर)

रात्रपाळी:
काल इथे एका साहेबांनी लिहिलं, "एसओपी म्हणजे ऑडिटरला दाखवायचा कागद. वीस वर्षं केमिकल रिॲक्टर चालवणाऱ्याला हात धरून शिकवायची गरज नसते." वाचून डोकं फिरलं.

आमच्याकडे नायट्रेशन (नायट्रिक ॲसिडची, खूप तापणारी रिॲक्शन) चालायचं. एका रात्री लाइट गेली, स्टरर (ढवळणारा पंखा) थांबला. ॲसिडचं डोझिंग (थोडंथोडं सोडणं) वरच्या टाकीतून होतं, ते चालूच राहिलं. लाइट आल्यावर अठरा वर्षं मुरलेल्या ऑपरेटरचा हात सरळ स्टररच्या बटणावर. ॲसिड जड, ते तळाशी साचलेलं. ढवळलं असतं तर सगळी रिॲक्शन एकदम झाली असती आणि ब्राइनच्या (थंड करणाऱ्या खारट पाण्याच्या) बापाला ते आवरलं नसतं. सहा महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा ओरडला म्हणून वाचलो. ट्रेनिंगमध्ये त्याच्याकडून एसओपी हाताने लिहून घेतली होती: "स्टरर बंद पडल्यास आधी डोझिंग बंद. इनचार्जला विचारल्याशिवाय स्टरर सुरू करू नये."

जुना_फिटर:
पोस्ट माझीच. म्हणजे पोरगा वाचला ट्रेनिंगमुळे, कागदामुळे नाही. तुमच्या फायलीत ती ओळ कितव्या पानावर होती? आमच्याकडे बेचाळीस पानांची एसओपी आहे. पहिली नऊ पानं उद्देश, व्याप्ती आणि सह्या.

लोटेकर:
आणि ती इंग्रजीत! पॅनलसमोर उभा असलेला माणूस दहावी नापास, आणि त्याला "एन्शुअर ॲडिक्वेट कूलिंग". ॲडिक्वेट म्हणजे किती? रिॲक्टरभोवतीच्या कूलिंग जॅकेटचं टेम्परेचर लिहा की. मराठीत लिहा.

कंत्राटी:
मराठीत कोणासाठी दादा? आमच्या शिफ्टला अकरा हेल्पर, सात ओडिशाचे, तीन बिहारचे. मराठी वाचणारा मी एकटा.

लोटेकर:
महाराष्ट्रात कंपनी काढायची आणि मराठी नको! स्थानिक पोरांना कामावर घ्या, मग भाषेचा प्रश्नच येणार नाही.

कंत्राटी:
स्थानिक पोरं बाराशे लिटरच्या रिॲक्टरच्या मॅनहोलमधून पोती ओतायला येतात का? तुमच्या घरातलं कोण येतंय, सांगा.

लोटेकर:
घरावर जाऊ नका.

रात्रपाळी:
अहो, धागा नायट्रेशनचा होता!

भाषेचं म्हणाल तर भोपाळ आठवा. मॅन्युअल इंग्रजीत होतं हे खरं. पण एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट, तिथलं विषारी रसायन) शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं हे त्यात होतंच ना? 1984 च्या डिसेंबरआधी कित्येक महिने रेफ्रिजरेशन बंद होतं. हेल्परला वाचता येत नाही म्हणून नव्हे, वरच्यांनी ठरवलं म्हणून.

जुना_फिटर:
म्हणजे माझंच म्हणणं! कागद ठणठणीत आणि माणसं मेली. अमेरिकेतली टेक्सास सिटीची रिफायनरी, 2005, तिथेही लिहिलेली प्रोसिजर होती. स्टार्टअपला टॉवरमधल्या द्रवाची लेव्हल ठरल्यापेक्षा वर ठेवायची सवयच पडली होती. स्फोटात 15 माणसं गेली.

रात्रपाळी:
सवय पडली होती, हेच तर! सवयीच्या माणसांचं कौतुक तुम्हीच करत होतात. दर वेळी लेव्हल वर जाते, तर प्रोसिजर तरी बदला नाहीतर माणसाला तरी विचारा. दोन्ही झालं नाही.

जुना_फिटर:
विचारणार कोण? एसओपी लिहिणारा केमिस्ट प्लांटमध्ये किती वेळा येतो? आमच्या एसओपीत एक व्हॉल्व्ह आहे, "बंद करावा" म्हणून. तो 2011 साली काढलाय. मी स्वतः काढलाय. दर वर्षी "रिव्ह्यू झाला" म्हणून सही होते.

रात्रपाळी:
ही मात्र लाजिरवाणी गोष्ट आहे. मान्य. पण तुम्ही लिहून दिलंत का कोणाला?

जुना_फिटर:
तोंडी सांगितलं. तीनदा.

रात्रपाळी:
तोंडी. बरं.

जुना_फिटर:
टोमणा कळला. उद्या लिहून देतो, पोच घेतो, खूष? बेचाळीस पानांचं एक पान करून रिॲक्टरशेजारी लावा, मग मी पण वाचेन.

कंत्राटी:
हिंदीत लावा.

लोटेकर:
मराठीत. आधी मराठीत.