काळ्या मातीत उसळीची पीच जमते का? मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, जिल्हा यवतमाळ. आमच्या पोट्ट्यांनी शाळेमागच्या मैदानावर टर्फ विकेट (माती दाबून केलेली गवताची पीच) करायचं मनावर घेतलं आहे. निमित्त ऑस्ट्रेलिया दौऱ्याचं. 2024-25 ला पर्थची कसोटी 295 धावांनी जिंकूनही मालिका 1-3 ने घालवली, तेव्हापासून पानठेल्यावर एकच वाद: लहानपणी उसळीची पीच मिळत नाही म्हणून आपले बॅट्समन तिकडे फसतात. मला हे अर्धंच पटतं. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर आपला 328 चा पाठलाग झाला, तेव्हा अंगावर मार खात 211 चेंडू खेळून काढणारा पुजारा राजकोटचाच होता. पण पोट्टे ऐकतात कुठं! गॅबाची पीचही काळ्या चिकणमातीची, मग आपल्या कपाशीच्या मातीत काय वाईट, म्हणतात.

22 यार्ड खणलं, ढेकळं फोडली, पाणी सोडलं, रस्त्याच्या ठेकेदाराचा रोलर फिरवला. चार उन्हं लागली नाहीत तोच बोट जाईल एवढ्या भेगा! भेगेच्या काठावर पडलेला चेंडू एकदा तोंडावर येतो, एकदा घोट्यावर. अशा पीचवर शॉर्ट बॉल सोडायला काय शिकवणार? वाळू मिसळू का? पाणी किती दिवस आधी तोडायचं? कोणी विकेट बनवली असेल तर सांगा.

प्रतिसाद: भाऊ, वाळू अजिबात नको, माती बांधून राहत नाही. ओल्या चिखलावर रोलर घातला हीच गडबड. माती पातळ थरांनी भरा, एक थर दाबून झाला की पुढचा. अंगठा दाबला तर खूण उमटावी पण माती चिकटू नये, तेव्हाच रोलर. आणि हराळी लावा. तिची मुळं खोलवरचा ओलावा ओढतात, माती वरखाली सारखी वाळते. भेगा तरीही पडतील, पण बारीक, आणि मुळांनी माती धरून ठेवलेली असल्यानं काठ फुटत नाहीत. रस्त्याचा व्हायब्रेटर रोलर परत करा.

मूळ धागाकर्ता: ओलाव्याचं समजलं, धन्यवाद. हराळीचं मात्र अवघड आहे राजेहो. निंदणाचे पैसे मोजून जी उपटतो, ती मुद्दाम लावतो म्हटलं तर बाबा मैदानावरच येतील. दुसरं कोणतं गवत चालेल का? आणि हाताने ओढायचा रोलर किती वजनाचा घ्यावा?