नवे वैमानिक विमान उडवतात की नुसतं सांभाळतात?

जुना_घार: दोनशे-अडीचशे तास झाले, सिम्युलेटर झाला, की पोरगं थेट जेटच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट. टेकऑफनंतर मिनिटभरात ऑटोपायलट लागतो, तो सुटतो धावपट्टी समोर आल्यावर. हात कधी बसणार? २००९ चं एअर फ्रान्स ४४७ आठवा. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ जमला, वेग दिसेना, ऑटोपायलट सुटला. बाकी विमान धडधाकट होतं! पण उजव्या सीटवरच्याने साइडस्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायची दांडी, मागे ओढली ती ओढलीच. कानाशी ‘स्टॉल, स्टॉल’, म्हणजे पंखांची उचल गेली, असं चाललेलं, आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसं अटलांटिकमध्ये. स्टॉल झाला की नाक खाली, हे तर छोट्या विमानावरच शिकवतात.

उजवी_सीट: काका, तो नवखा नव्हता, जवळपास तीन हजार तास होते त्याचे. आणि १९७७ चं टेनेरीफ, धावपट्टीवर दोन जम्बो धडकले ते? परवानगी नसताना धुक्यात टेकऑफ सुरू करणारा केएलएमचा कॅप्टन कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. ५८३ गेले. फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, ती त्याने उडवून लावली. आज कॅप्टनला टोकायचं हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात.

तासवाली: तासांचं म्हणाल तर २००९ मध्ये कोल्गन ३४०७ हे प्रवासी विमान पडल्यावर अमेरिकेने को-पायलटलाही १५०० तास सक्तीचे केले. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघांचेही तास त्याहून जास्तच होते. जाहिरातीचा फलक ओढत घिरट्या घातल्या तरी तास भरतातच की.

जुना_घार: तासांचा हट्ट माझा नाहीच, हाताचा आहे. २०१३, सॅन फ्रान्सिस्को, एशियानाचं ७७७. आकाश स्वच्छ, फक्त ग्लाइडस्लोप, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणारा सिग्नल, बंद. ऑटोथ्रॉटल, इंजिनाचा जोर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, वेग सांभाळतंय अशी समजूत. ते सांभाळत नव्हतं. शेपूट समुद्रभिंतीवर आपटलं, तिघे गेले.

उजवी_सीट: आणि उडवणाऱ्याचे तास दहा हजारांच्या आसपास! मग दुखणं एकट्या नव्या पोरांचं कसं? माझंच सांगतो. मागच्या महिन्यात हवा शांत, पुढे-मागे ट्रॅफिक नाही. विचारलं, “सर, हाताने आणू?” कॅप्टन म्हणाले, “कशाला? विमानाच्या नोंदींच्या डेटामध्ये काही चूक उमटली तर उत्तर कोण देणार?” बटणाकडे गेलेलं बोट मागे घेतलं.

जुना_घार: कॅप्टनचं वय काय?

उजवी_सीट: तुमच्याच बॅचचे असतील.