मदत हवी आहे : तानपुरा नीट ऐकू येईल असा हेडफोन

जवारी_मिरज : गाणं ऐकायला मध्यम किमतीचा हेडफोन हवाय. दोन आठवडे व्हिडिओ बघतोय, जो तो बासचंच कौतुक सांगतो. आत्ता आहे त्यात डग्गा इतका फुगतो की मागचा तानपुरा पार बुडून जातो. रविवारी सांगलीत जाऊन घ्यायचाच आहे. लवकर सांगा.

कृष्णाकाठ : बजेट किती? वायरचा की ब्लूटूथ? मोबाईलला गोल जॅक आहे का?

घाटरस्ता : नॉइज कॅन्सलेशनवालाच घ्या. मी रोज एसटीनं सातारा-कराड करतो, इंजिनाची घरघर बरीच कमी होते.

जवारी_मिरज : एसटीचा प्रश्न नाही ओ, घरीच ऐकतो. दहा हजारांपर्यंत. वायर चालेल.

मोकळा_स्वर : मग ओपन बॅकच घ्या. कपाला मागून जाळी असते, आवाज कोंडत नाही. माझा सेनहायझर एचडी ५६०एस आहे. यमन रागाचा विलंबित ख्याल लावला की तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या 'सा'च्या) तारेतून उमटणारा गंधार (ग) स्पष्ट कानावर येतो.

कृष्णाकाठ : तो दहा हजारांत बसेलच असं नाही. शिवाय १२० ओहमचा, म्हणजे वाजवायला जास्त जोर लागतो; प्रत्येक मोबाईल त्याला पुरेसा आवाज देईल असं नाही.

मोकळा_स्वर : टाइप-सीचा छोटा डॅक (मोबाईलचा डिजिटल आवाज हेडफोनजोगा करणारा अडॅप्टर) लावा, माझा त्यावरच चालतो. एकदा ओपन बॅक ऐकलेला माणूस परत बंद कपाकडे जात नाही.

कृष्णाकाठ : त्यांच्या घरात कोण झोपतं ते तरी विचारा आधी. ओपन बॅकचा आवाज बाहेर जातो.

जवारी_मिरज : जॅक नाही, टाइप-सी आहे. आई त्याच खोलीत झोपते, मी दहानंतरच ऐकतो. आणि मला चष्मा आहे.

कृष्णाकाठ : मग ओपन बॅक राहू द्या. ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स ऐकून बघा. बंद कपाचा, ३५ ओहमचा, टाइप-सीचा छोटा डॅक लावला की मोबाईलवर आरामात चालतो. मात्र चष्म्यासकट अर्धा तास घालून बघा. दांडी कानामागं रुतली तर दुसरा बघा.

जुनी_तबकडी : ऐकता काय ते कुणी विचारलंच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या जुन्या गायकांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या असतील तर हेडफोन बदलून फारसा फरक नाही. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, तानपुरा मुळातच क्षीण.

जवारी_मिरज : नाही, अलीकडच्या मैफिली.

सूत_आणि_घोडी : मिरजेचेच आहात तर विचारतो. माझ्या तानपुऱ्याची जवारी (तार गुंजावी म्हणून घोडीला दिलेली घडण) गेलीय, घोडीवर सूत कितीही सरकवलं तरी तार खणखणत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण सतारमेकरांच्या गल्लीत आता हे काम कोण करतं?

घाटरस्ता : वेगळा धागा काढा की.

कृष्णाकाठ : जवारी_मिरज, खर्चाआधी एक करा. मोबाईलचा इक्वलायझर उघडा, बास बूस्ट बंद करा, ६० आणि २३० हर्ट्झच्या (खालच्या सुरांच्या) पट्ट्या तीन-चार डेसिबल खाली घ्या.

जवारी_मिरज : केलं आत्ता. डग्गा आवरला. तानपुऱ्याच्या जोडीच्या (एकाच सुरातल्या) दोन तारा एकीमागून एक वाजलेल्या कळल्या, या हेडफोनवर पहिल्यांदाच. तरी पंचमाची तार अजून धूसर आहे, म्हणजे रविवारी जाणारच. सांगलीच्या गणपती पेठेत किंवा आसपास, आपलंच गाणं लावून अर्धा तास ऐकू देईल असं दुकान कुणाला माहीत आहे का?