मदत हवी आहे: स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट मासा) फ्लाय (पिसे-दोऱ्यांचे बनावट आमिष) तळापर्यंत कशी न्यावी?
हिवाळ्यात समुद्रातून नदीत चढणाऱ्या स्टीलहेडसाठी मी मासेमारीचा १३ फुटी दुहाती रॉड वापरतो. लाइनच्या टोकाला १० फुटांचा बुडणारा भाग जोडूनही फ्लाय प्रवाहात आडवी फिरताना मधल्या थरातच राहते आणि थंड पाण्यात सुस्तावून तळाशी दबलेला मासा तिच्यासाठी वर येत नाही. निदान माझ्यासाठी तरी अजून आलेला नाही. फेकल्याबरोबर लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवली, तर फ्लाय क्षणभर खाली जाते, पण लाइनला बाक आला की पुन्हा वर ओढली जाते. अशा वेळी अधिक जड टोक घ्यावे, लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा) ३ फुटांपर्यंत आखूड करावा, की फेकीनंतर प्रवाहाबरोबर दोन पावले खाली सरकावे? शिवाय, नेहमीचे ट्राउट पकडण्याच्या सवयीने मी माशाची टोचणी जाणवताच रॉड उचलतो, तेही चुकत असेल काय? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.