मंतरलेलं रान: खरोखर भीती वाटेल असे प्राणी आणि झाडं सुचवा

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

एक कल्पनारम्य कादंबरी लिहितेय. त्यात निजवन नावाचं मंतरलेलं अरण्य आहे. जो तिथे झोपला तो रानाचा झाला, एवढंच लोकांना ठाऊक. वैद्याची मुलगी सावनी आणि तिचा आतेभाऊ भैरू हे रान ओलांडायला निघतात. वाट तीन दिवसांची, म्हणजे दोन रात्री आत काढायच्याच. जवळ एक कोयता, दोरखंड आणि मिठाची पिशवी. जादू दोघांनाही येत नाही.

आत्तापर्यंत घातलेले धोके: रक्त पिणारी वेल, विषारी फुत्कार टाकणारा सरडा, दोन तोंडांचा लांडगा, माणूस गिळणारं फूल, बोलणारं झाड. मैत्रिणीला वाचायला दिलं तर म्हणाली, "प्राणिसंग्रहालयात फिरल्यासारखं वाटतं गं. एक पिंजरा झाला की पुढचा." तिचं म्हणणं पटलं, पण इलाज सुचत नाही. आणखी भयंकर प्राणी हवेत की आहेत तेच कमी करू? जाणत्यांनी प्रकाश टाकावा.

खडूस वाचक

बोलणारं झाड आधी तोडा. कोयता आहेच.

निशाचर

खडूस यांना +१, पण कारण वेगळं.

मी मित्रांसाठी फाशांवर चालणारे कथाखेळ रचतो, त्यामुळे रानात लोकांना मारणं हा माझा जुना धंदा. माझा पहिला प्रश्न असतो: हे जनावर एरवी खातं काय? तुमच्या निजवनात माणूस फिरकतच नाही. मग माणूस गिळणारं फूल इतकी वर्षं काय उपाशी बसलंय? ज्याचं पोट तुमच्या नायिकेवाचून भरत नाही ते खोटं वाटतं. त्यापेक्षा रानाचा आपला संसार चालू असू द्या आणि ही दोघं त्यात चुकून सापडू द्यात.

खऱ्या जंगलातलं उदाहरण घ्या. पेरूमधल्या ॲमेझॉनच्या जंगलात मध्येच असे पट्टे लागतात, जिथे जवळपास एकाच जातीची झाडं उभी असतात, बाकी सगळं साफ. तिथले लोक त्यांना सैतानाच्या बागा म्हणतात, दुष्ट आत्मा ही बाग राखतो असं मानतात. राखणदार खरंच आहे, पण तो म्हणजे मुंग्या. त्या झाडाच्या पोकळ फांद्यांत राहतात आणि आसपास दुसरं कुठलंही रोप उगवलं की त्याची पानं चावून आत फॉर्मिक आम्ल सोडतात. दिवसभरात पानं काळी पडायला लागतात. २००५ साली यावर शोधनिबंध आला. त्यातल्या सर्वांत मोठ्या बागेत ३२८ झाडं होती आणि तिचं वय आठशे वर्षांच्या आसपास निघालं. आठशे वर्षं मुंग्या निंदणी करतायत! सावनी अशा स्वच्छ, मोकळ्या जागी पोचली तर तिला हायसंच वाटेल. मुक्कामाला याहून चांगली जागा कुठली? वाचकाला मात्र तिथे एकही गवताची काडी नाही हे खटकलं पाहिजे.

आता तुमची झोप. हा तुमचा हुकमी एक्का आहे आणि तुम्ही तो लांडग्यामागे लपवलाय.

मुंग्यांना मारणारी एक बुरशी आहे, ऑफिओकॉर्डिसेप्स. लागण झालेली मुंगी वारूळ सोडते, एखाद्या रोपावर चढते, पानाच्या खालच्या बाजूने शिरेत जबडा रुतवते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ फुटतो आणि बीजाणू खाली पडतात. थायलंडमध्ये पाहणी झाली तेव्हा या मुंग्या जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर लटकलेल्या सापडल्या. त्या उंचीवरचा दमटपणा बुरशीला मानवतो. २०१७ च्या एका अभ्यासात तर दिसलं की बुरशी मेंदूत शिरतच नाही, अंगभर स्नायूंभोवती जाळं विणते. म्हणजे मुंगीचे पाय परस्पर दुसराच कुणी हाकतोय.

हे माणसाच्या मापाचं करा. निजवनात जमिनीलगत निजलं की श्वासातून काहीतरी आत जातं. सकाळी भैरू ठणठणीत. दुपारी हसत हसत म्हणतो, "सावने, जरा त्या झाडावर चढून बघू का, वाट दिसेल." संध्याकाळी पुन्हा तेच, या वेळी हसू नाही. दुसऱ्या रात्री तो स्वतःच म्हणतो, "मला बांध." दोरखंड कशाला आणलाय ते वाचकाला तिथे कळतं. सगळ्यांत वाईट काय, तर त्याचं डोकं शाबूत आहे, हातपाय ऐकत नाहीत.

आणि खूण आधी पेरा. जर्मनीत मेसेल इथे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचं एक पान जीवाश्मरूपात सापडलंय, त्याच्या शिरांवर अशाच जबड्यांचे व्रण आहेत. मुंगी गेली, बुरशी गेली, चावा राहिला. तुमच्या रानात पहिल्याच दिवशी सावनीला खोडांवर अर्धगोल व्रण दिसू देत. सगळे एकाच उंचीवर, खोडाच्या एकाच अंगाला. ती म्हणेल, अस्वलानं साल सोलली असेल. पुढच्या झाडावर तसाच व्रण, त्यात एक दात अडकलेला. दाढ. माणसाची.

झाडांचं थोडक्यात. मॅन्चिनील म्हणून कॅरिबियन किनाऱ्यावरचं झाड आहे. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. ऑस्ट्रेलियातल्या गिंपी-गिंपीच्या पानावर काचेसारखी बारीक लव असते. ती टोचली की कळ महिनोन्‌महिने राहू शकते आणि गार पाणी लागलं की पुन्हा उसळते. दोन्ही झाडं कुणाच्या मागे धावत नाहीत. रक्त पिणाऱ्या वेलीला रजा द्या.

कोळीष्टक

निशाचर, दाढेवरून अंगावर काटा आला. पण एका बाबतीत माझा तुम्हाला विरोध आहे. एवढं सगळं कार्यकारण सावनीच्या तोंडी आलं तर रान मंतरलेलं राहणार नाही, जीवशास्त्राचा तास होईल. लेखिकेला सगळं माहीत असावं, पात्रांना निम्मं, आणि तेही उलटंसुलटं. लोकांनी नियम पाळायचे, कारण कुणी सांगायचं नाही. "रानात कुणाला झाडावर चढावंसं वाटलं तर त्याच्याशी बोलू नका." का बोलू नका? सांगायचंच नाही.

रानभूल कुणी सुचवली नाही याचं आश्चर्य वाटलं. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका सपाट, दाट जंगलात माणसांना नाकासमोर चालायला सांगून त्यांच्या वाटा नोंदवल्या होत्या. ऊन होतं तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले तशी गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडायला लागली आणि त्यांना ते कळलंही नाही. तुमच्या रानाला यासाठी मंत्रही लागणार नाही, डोक्यावर घट्ट पालवी पुरे. सूर्य दिसला की सुटले.

अर्धविराम, तुमच्या यादीत मला सर्वांत आवडली ती मिठाची पिशवी. ती धोका म्हणून का नाही वापरत? रानात मिठाचा दुष्काळ असतो. ॲमेझॉनमध्ये फुलपाखरं कासवांच्या डोळ्यांतलं पाणी पितात, सोडियमसाठी. मादागास्करमध्ये एक पतंग झोपलेल्या पक्ष्याच्या पापणीखाली सोंड घालून अश्रू पितो, पक्षी उठतही नाही. आता विचार करा, सावनी मीठ घेऊन आत आलीये, शिवाय घामेजलेली. पहिल्या रात्री चार-दोन पाकोळ्या. दुसऱ्या रात्री बांधलेला भैरू रडतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर पंखच पंख.

अर्धविराम

बाप रे. तुम्हा दोघांना झोप लागते का हो?

सरडा, लांडगा, वेल आणि फूल कटाप. व्रण पहिल्या दिवशी, मोकळी जागा पहिल्या मुक्कामाला. फक्त तिथे गवत नाही हे सावनीच्या लक्षात यायला हवं की नको? ती वैद्याची मुलगी, पाला बघत वाढलेली. तिला दिसणारच.

बोलणाऱ्या झाडाचा मात्र जीव तुटतोय. ते ठेवता येईल का?

निशाचर

तिला दिसू दे. पण भैरूला ताप भरलाय, अंधार पडलाय, आणि दुसरी कोरडी जागा नाही. जाणूनबुजून निजतात त्यात जास्त मजा.

झाड ठेवा, आवाज दुसऱ्याचा करा. मार्गे नावाचं छोटं रानमांजर आहे. २००५ मध्ये ब्राझीलमध्ये ते टॅमरिन माकडांच्या पिल्लांचा आवाज काढताना आढळलं होतं, माकडांना जवळ बोलवायला. (शिकार हुकली त्याची.) तुमच्या झाडाच्या ढोलीत असलंच काहीतरी बसलेलं असू दे. त्याला माणसाची एकच हाक येते, मागे कधीतरी ऐकलेली.

कोळीष्टक

आणि ती हाक "मला बांध" असली तर?

अर्धविराम

कोळीष्टक, दंडवत! म्हणजे हाक पहिल्याच दिवशी ऐकू यायला हवी, अर्थ न लागता. सहावं प्रकरण पुन्हा लिहायला घेते. मीठ तिथे फक्त भाकरीबरोबर दिसेल, नाहीतर वाचक आधीच ओळखायचा. कोयत्याचं काय करायचं ते अजून सुचत नाहीये.

खडूस वाचक

हरवू द्या. पहिल्याच ओढ्यात.