जावयांचे मिलिशियातले पूर्वज कसे शोधायचे?

वूस्टरची आजी: आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. जावई मॅसॅच्युसेट्सचे. त्यांच्याकडे एवढंच सांगतात, की १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला इंग्रजांशी लढाई जुंपल्याची, म्हणजे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्याची खबर आली आणि जॉन नावाचे पूर्वज गावच्या मिलिशियाच्या, म्हणजे गरजेला शस्त्र उचलणाऱ्या गावकऱ्यांच्या, तुकडीबरोबर बंदूक घेऊन निघाले. नातीला दोन्हीकडची माणसं माहीत व्हावीत, अशी माझी फार इच्छा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांची १७ खंडांची छापील यादी पाहिली, तर त्याच नावाचे कितीतरी जण! आपले कोणते?

दप्तरवेडी: आजी, यादी तूर्त मिटून ठेवा. जावयांपासून एकेक पिढी मागे चला. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं; त्याआधीच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी बऱ्याच गावांनी पुस्तकरूपात छापल्या आहेत. जॉनचं गाव पक्कं झालं की मगच यादी उघडा. तिथे बहुतेक नोंदींत गाव आणि कॅप्टनचं नाव असतं. मिलिशियाची तुकडी गावातल्याच माणसांची, त्यामुळे कॅप्टन कुठला हे कळलं तरी बरेच जॉन गळतात.

पेन्शनचे कागदही बघाच. १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने लढलेल्या मिलिशियावाल्यांनाही पेन्शन मिळालं. कागद नसलेले म्हातारे कोर्टात शपथेवर सगळं सांगत: जन्म कुठला, कॅप्टन कोण, कुठे लढलो. विधवांनी तर लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून जोडली आहेत! मुलांच्या जन्मतारखा त्यावर हाताने लिहिलेल्या. मला या जबान्या इतिहासाच्या कुठल्याही जाड ग्रंथापेक्षा मोलाच्या वाटतात. मूळ कागद वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

वूस्टरची आजी: जावई म्हणतात, जॉन १८०० च्या आधीच वारले. मग?

दप्तरवेडी: मग काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) प्रोबेट कोर्टाचं, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा बघणाऱ्या कोर्टाचं दप्तर. मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुली सासरच्या नावाने सापडतात, आणि मालमत्तेच्या यादीत गाईगुरांपासून भांड्यांपर्यंत सगळं. बंदूकही असेल कदाचित.

नाशिककर: जॉनच्या वडिलांकडे वळाल तेव्हा तारखा जपून घ्या. १७५२ पर्यंत तिथलं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या गणतीने ११ फेब्रुवारी १७३१, आताच्या गणतीने २२ फेब्रुवारी १७३२ (कॅलेंडर बदललं तेव्हा ११ दिवसही वगळले). लग्न नोव्हेंबर १७३० आणि मूल फेब्रुवारी १७३० असं दिसलं, तर नोंद चुकीची समजून सोडून देऊ नका.

वूस्टरची आजी: रविवारी जावई येतात, तेव्हा आधी त्यांच्या आजोबा-पणजोबांची गावं लिहून घेते.